जात्याचा खुंटा

जांभूळडोहात लग्न ठरलं की पहिला निरोप जायचा सत्यशीलेच्या घरी. आणि तोही तिच्यासाठी नव्हे, तिच्या जात्यासाठी. हळद पुडीत मिळते हे गावाला काय माहीत नव्हतं? नवरीच्या अंगाला लागायची ती कोल्हारच्या किराणा दुकानातलीच. पण मुहूर्ताची म्हणून चार हळकुंडं जात्यावर भरडायची असतात, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा असतो, आणि ते जातं सत्यशीलेचंच लागायचं. त्या जात्यावर जिची हळद दळली ती पोर भांडून माहेरी परत आली नाही, असा गावाचा समज होता. खरंखोटं देव जाणे. आली असेल एखादी, तर तिची हळद दुसऱ्याच जात्यावर दळली होती असं गावानं ठरवून टाकलं असेल.

जातं तिच्या सासूचं. काळं, जड, कडेला टवका उडालेलं. तो टवका सत्यशीलेच्याच हातचा. नवी नवरी असताना सासू काहीतरी लागट बोलली आणि हिनं रागाच्या भरात लोखंडी घमेलं जात्यावर आदळलं. सासूनं आठवडाभर गावभर सांगितलं, पण सुनेचा राग कसा असतो तेही तिला त्या दिवशी कळलं. जात्याच्या जुन्या खरबरीत खुंट्यानं तिच्या तळहाताला फोड यायचे. तिचा नवरा भिमाजी बोलायला भलता आखडू, बायकोशी चार शब्द बोलला तर पाऊस पडायचा. पण एके दिवशी त्यानं बाभळीचं लाकूड आणलं, तासलं, फुटक्या काचेनं घासून घासून गुळगुळीत केलं आणि जात्यात नवा खुंटा ठोकून बसवला. एका शब्दानं काही म्हणाला नाही. सत्यशीलेच्या नशिबात नवऱ्याचं प्रेम म्हणून जे काही आलं, ते त्या खुंट्याएवढं. तिनं ते जपलं.

पुढं गिरणी आली, घरोघरची जाती परसात जाऊन पडली, त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. सत्यशीलेचं जातं मात्र लग्नांतून मिरवत राहिलं, आणि जात्याबरोबर तीही. पहिली ओवी तिची, खुंट्याला पहिला हात तिचा. मग भिमाजी गेला. गावानं जातं न्यायचं सोडलं नाही, मालकिणीला बोलवायचं तेवढं सोडलं. विधवेचा हात हळदीला चालत नाही. गावात कोणी वाईट नव्हतं हो, सगळी चांगलीच माणसं, पण चांगल्या माणसांनी मिळून केलेली गोष्ट जास्त लागते.

सत्यशीलाही काही कमी नव्हती. जातं न्यायला टेम्पो आला की ती खुंटा पिशवीत घालून स्वतः टेम्पोत बसायची. लग्नघरी जातं मांडलं की आपल्या हातानं खुंटा बसवायची, हलवून बघायची, आणि मग पाचजणी जमायच्या आत उठून मागच्या खोलीत जाऊन बसायची. खुंटा बसवण्यापुरता तिचा हात चालायचा. कारण तेव्हा हळद यायची बाकी असायची. एवढी फट तिनं शोधून काढली होती आणि ती तिनं कुणाला बुजवू दिली नव्हती.

असं सगळं चाललेलं असताना गावात बाग आली.

गावचे पुढारी काकासाहेब यांच्या ट्रस्टनं नदीकाठच्या पडीक जागेवर बाग करायची ठरवली आणि पुण्याहून रविराज नावाचा आर्किटेक्ट आणला. हडकुळा, दाढी राखलेला, पण मांडी घालून भाकरी खाणारा. दोन दिवसांत त्यानं सगळ्या गावाला खिशात घातलं. त्याला साधी बाग नको होती. बागेचं नाव ‘आजोळ’, आणि आत आल्यावर म्हाताऱ्यालाही आपण पुन्हा पोर झालो असं वाटलं पाहिजे, असं तो म्हणायचा. त्यासाठी त्याला घरोघरच्या जुन्या वस्तू पाहिजे होत्या. मुख्य म्हणजे जाती.

सत्यशीला लगेच कबूल होणारी नव्हती. तिनं त्याला ओट्यावर बसवून अटी घातल्या. “टाकीचा घाव घालायचा न्हाई. रंग फासायचा न्हाई. वरचा दगुड खालच्यापासनं तोडायचा न्हाई, जोडी हाय ती. आन गावात कुनाचंबी लगीन निगालं तर हळद ह्याच जात्यापशी झाली पायजे.”

“सगळं मान्य, आजी,” रविराज म्हणाला. “उलट हळदीसाठी मी तिथं खास ओटाच बांधतो.”

“आन खुंटा मी देनार न्हाई. ज्याचं लगीन आसंल त्याच्या घरून मला बोलावनं आलं पायजे. मी यीन, मी बसवीन.”

“खुंटा तुमचाच,” तो म्हणाला.

झालं. बाईचा जीव भांड्यात पडला. ओटा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं देवळातल्यासारखा ओटा आला, त्यावर तिचं जातं, त्याला वाहिलेलं हळदकुंकू. मग तिनंच पदर खोचला आणि घरोघर जाऊन बायकांना तयार केलं. शेजारची लंकाबाई तर ऐकायलाच तयार नव्हती. लंकाबाई म्हणजे तिच्या बरोबरीची, तोंडानं फटकळ, पण शब्दाला जागणारी.

“माज्या आयनं लग्नात दिल्यालं हाय त्ये,” लंकाबाई म्हणाली.

“आगं, कोंबडी बसवलीय त्याच्यावर. तिथं मान मिळंल त्याला. मी सांगते ना.”

“तू सांगतीस म्हून देते,” लंकाबाई म्हणाली. “त्या दाढीवाल्याला वळखत न्हाई मी.”

बागेचं उद्घाटन झालं तेव्हा सत्यशीलेला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. तळ्याचं काम तेवढं राहिलं होतं आणि जाती तळ्याच्याच बाजूला होती, म्हणून ती बघायची राहिली. पुढं पाडव्याला तळं उघडलं. त्यानंतर गावातल्या बायका तिच्याशी तुटक वागायला लागल्या. पाण्याच्या टाकीवर गप्पा चालू असायच्या, ही गेली की थांबायच्या. सत्यशीलेला वाटलं, शालीचा जळफळाट. ती आणखी ताठ मानेनं चालायला लागली. लंकाबाई एकदा वाटेत भेटली ती एवढंच म्हणाली, “जाऊन बग की एकदा तुजी बाग.” सत्यशीला म्हणाली, “दिशाच्या हळदीला जानारच हाय.”

दिशा म्हणजे तिची नात, मुलाची, अंगदची मुलगी. संगमनेरला शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि लग्न ठरलं तेही तिथल्याच घरी. सासरच्या मंडळींना बागेतली हळद पाहिजे होती. फोटो चांगले येतात म्हणे. अंगद भीतभीतच आईला सांगायला आला, पण आईनं कपाळाला आठी पाडली नाही.

“माजं जातं तिथंच हाय,” ती म्हणाली. “तिथंच हुंद्या.”

तिनं खुंट्याला खोबरेल लावलं, नव्या खणात गुंडाळलं. जगाच्या पोरींच्या हळदीला जो खुंटा बसवला तो आज घरच्या पोरीच्या हळदीला बसवायचा, आपल्या हातानं. त्याच्यापुढं तिला त्या लग्नात काही नको होतं. साडीसुद्धा तिनं जुनीच नेसली.

बागेचं दार म्हणजे एक भलीमोठी सिमेंटची ट्रंक होती, झाकण अर्धवट उघडलेलं. त्या झाकणाखालून वाकून आत जायचं. रविराज मुद्दाम पुण्याहून आला होता आणि पाहुण्यांना स्वतः फिरवून दाखवत होता. आत शिरल्याबरोबर एक उलटं घर. छपराच्या जागी जमीन, आणि डोक्यावर चूल, चुलीवर भाकरी, चुलीपाशी वेटोळं करून झोपलेलं सिमेंटचं मांजर. सत्यशीलेनं मान वर करून बघितलं आणि तिला हसूच आलं.

“आरं, ह्या चुलीची राख कुठं पडनार? सुनंच्या डोस्क्यात?” ती म्हणाली, आणि सून विजयमाला सोडून सगळे हसले.

पुढं फुटक्या कपबश्यांचे तुकडे लावलेली भिंत, सापासारखी वळत गेलेली. मग दोन मजली सूप. पोरं वरून दाण्यासारखी घरंगळत खाली येत होती. आणि एक रांजण, एवढा मोठा की दार करून आत जायचं. आत बोललेलं जरा वेळ थांबून परत यायचं. पोरं आपापली नावं ओरडून बाहेर पळाली. सत्यशीला मागं राहिली. जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यात, चार बायकांच्या आग्रहानं. आता कुणी नव्हतं. तिनं हळूच नाव घेतलं, नुसतंच, उखाण्याशिवाय. रांजणानं ते जरा दमानं परत दिलं. ती बाहेर आली तेव्हा तिला रविराजबद्दल खरंच माया वाटत होती. लबाड नाही हा पोरगा, असं तिच्या मनानं घेतलं.

आणि मग तळं आलं.

तळ्याच्या मध्यावर एक बेट होतं, आणि बेटावर खरोखरच ओटा होता. दगडी, सुंदर, वर झेंडूच्या माळा. बोलल्याप्रमाणं बांधला होता त्यानं. काठापासून बेटापर्यंत पाण्यातून एक वाट गेली होती, गोल गोल काळ्या दगडांची. एकेका दगडाच्या मधल्या तोंडात, जिथं आपण दाणे घालतो तिथं, छोटा दिवा बसवलेला. शेजारी पाटी: ‘जात्यांची वाट’. वऱ्हाडातली पोरं बूट घालून त्यावरून टणाटणा उड्या मारत चालली होती.

सत्यशीलेला आधी कळेचना. मग तिला टवका दिसला. काठापासून जवळच, पाण्याच्या वर, कड मोडलेलं तिचं जातं. खुंट्याच्या भोकात सिमेंट भरलेलं. त्यावर एका पोराचा पाय पडला, दुसऱ्याचा पडला, मग फोटोवाल्यानं त्यावर आपली तिपाई रोवली.

“रविराज,” ती म्हणाली, “ह्ये काय केलंस?”

“आवडलं ना, आजी? ही सगळ्या बागेतली माझी सगळ्यात लाडकी जागा. दगड पक्के बसवलेत, अजिबात हलत नाहीत. हात धरू का?”

“जात्यावर पाय देत्यात व्हय रं?”

त्याचा चेहरा एकदम पडला. खरंच पडला, नाटक नव्हतं ते. “आजी,” तो म्हणाला, “तुम्ही सांगितलेलं सगळं मी पाळलंय. टाकी नाही, रंग नाही. वरचा दगड खालच्याच दगडावर आहे. हळद याच्याच शेजारी. खुंट्याचं भोक तेवढं बुजवावं लागलं, पोरांची बोटं अडकत होती. मला वाटलं, नाहीतरी आता दळणार कोण. पण पायाचं तुम्ही बोलला नव्हतात.”

आणि तेही खरं होतं. ती बोलली नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याला, बाबा रे, आमच्या चुलीत थुंकू नको, असं कोणी सांगतं का? जातं म्हणजे लक्ष्मी असते. चुकून पाय लागला तरी आपण हात लावून तो कपाळाला लावतो. एवढ्या अटी घातल्या, रंगाची घातली, टाकीची घातली, आणि जी अट घालायची असते हे जांभूळडोहातल्या कुणाच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं, तीच राहिली. पोराला दोष द्यायचा तर कसा द्यायचा? आणि नाही द्यायचा तर मग हा जो पोटात जाळ उठला होता तो कुठं नेऊन टाकायचा? तिला आता पाण्याच्या टाकीवरच्या गप्पाही कळल्या. ज्या ज्या घरी ती पदर खोचून गेली होती, त्या त्या घरचं जातं तिथं पाण्यात पाय खात पडलं होतं.

लंकाबाई पाचजणींतली एक होती. ती शेजारी येऊन उभी राहिली. तिनं चप्पल काढून हातात घेतली.

“तुजं कोन्तं?” सत्यशीलेनं विचारलं.

“त्ये काय, बेटापशी.”

“मला आदी का न्हाई सांगितलंस?”

“तुला शाल मिळालीवती,” लंकाबाई म्हणाली. “म्हनलं, हिला ठावं आसंल.” आणि ती दगडांवरून गेली. दर दगडापाशी वाकून हात लावायची, तो कपाळाला न्यायची आणि मग त्याच दगडावर पाय द्यायची.

सत्यशीलेनं अंगदला बोलावलं. “दुसरी वाट काड. फळी टाक, न्हाईतर मी पान्यातनं येते.”

“आई, तळ्यात उतरू देत नाहीत,” अंगद खालच्या आवाजात म्हणाला. “आन मुहूर्त टळतोय. विहीणबाई घड्याळ बघाय लागल्यात. दोन पावलांचा तर प्रश्न हाय. डोळे झाकून ये.”

“माज्या सासूच्या जात्यावर पाय दिऊ?”

तेवढ्यात विजयमाला आली, जरीच्या साडीत, घामानं निथळत. “आत्याबाई, तुमी इथंच सावलीला बसा. त्रास नका करून घेऊ. तसंबी तिकडं सवाष्णींचंच...” पुढचं बोलायची गरजही नव्हती. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच ते बरं पडलं. म्हातारी बेटावर आलीच असती तर तिला कुठं बसवायची, विहीणबाईंना काय वाटेल, फोटोत येऊ द्यायची की नाही, हे सगळे पेच तिनं काठावर राहून आपसूक सोडवले होते. नंतर कोणी फारसा आग्रह केला नाही. एकानं खुर्ची तेवढी आणून दिली.

ती खुर्चीत बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत खुंटा. बेटावर ओट्यावर एक नवं, पांढरं, खेळण्याएवढं जातं ठेवलेलं होतं, बागेकडूनच मिळतं ते. पाचजणींनी त्याला हात लावले. फोटोवाला म्हणाला, परत, परत, पुन्हा एकदा हसून. हळकुंड काही त्याच्यानं भरडलं नाही. मग कुणीतरी हळदीची पुडी फोडून वाटीत ओतली. लंकाबाईनं पहिली ओवी सुरू केली आणि स्पीकरवर गाणं लागलं म्हणून थांबवली. मागच्या खोलीत बसायची तेव्हा सत्यशीलेला निदान ओवी तरी ऐकू यायची. इथं फक्त दिसत होतं.

हळद लावून झाली. दिशा परत निघाली, डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, अनवाणी, दोन्ही हातांनी साडी सावरत. पोर मोठी गोड दिसत होती. फोटोवाला पुढं उलटा चालत होता. टवक्याच्या दगडावर ती थांबली, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, मान वाकडी करून हसली. मग उडी मारून काठावर आली आणि थेट आजीच्या गळ्यात पडली. विधवेला हळद लागू नये वगैरे तिच्या गावीही नव्हतं. आजीच्या जुन्या साडीला खांद्यापाशी पिवळा हात उमटला.

“आजी, तो टवक्याचा दगड तुझाच ना? पप्पांनी सांगितलं. तू तिकडं आली नाहीस म्हणून मी मुद्दाम तुझ्याच दगडावर उभं राहून फोटो काढला. बघ ना.”

तिनं फोटोवाल्याचा कॅमेरा आजीपुढं धरला. चित्रात पिवळी नवरी, पिवळी पावलं, आणि पावलांखाली काळा दगड.

सत्यशीलेनं फोटोकडं बघितलं, मग तळ्यातल्या दगडाकडं बघितलं. त्यावर पावलांचे दोन पिवळे ठसे उठले होते. इतक्या पोरींच्या लग्नात त्या जात्याला हळद लागली ती बोटांनी. घरच्या पोरीच्या लग्नात लागली ती अशी. पोरीला यातलं काही सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हळदीच्या अंगानं रडवायची का तिला?

“चांगला आलाय,” ती म्हणाली.

घरी आल्यावर नवरीच्या न्हाणीची गडबड उडाली. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला होता आणि लाकडं ओली निघाली होती. धूर कोंडत होता, पाणी तापत नव्हतं, विजयमाला सगळ्यांवर डाफरत होती. सत्यशीला चुलीपाशी जाऊन बसली. पिशवीतून खण काढला, घडी करून कमरेला खोचला. मग खुंटा चुलीत घातला. बाभळीचं जुनं लाकूड, त्यात तेल प्यालेलं. बघता बघता त्यानं पेट घेतला.

लंकाबाई बादली घेऊन आली ती थबकली. “कशाचं लाकूड हाय गं त्ये?”

“हुतं एक घरात,” सत्यशीला म्हणाली, आणि तिनं फुंकणीनं जाळ पुढं सारला.

लंकाबाईनं चुलीत वाकून बघितलं. तिला ओळखायला वेळ लागला नाही, त्या खुंट्याला तिनं गावातल्या कितीतरी पोरींच्या हळदीत हात लावला होता. बादली खाली ठेवून ती शेजारी बसली.

हंड्याला आधण आलं. आतून विजयमालेनं विचारलं, पाणी झालं का.

“झालंय,” सत्यशीला म्हणाली. “ने. लई कडत झालंय, गार पान्याचं इसान घालून घे.”